दुर्दैव की हत्या? : नेदरलँड्समधील सायकलस्वारांच्या सुरक्षिततेचा इतिहास

नेदरलँड्स हा सायकलींचा देश होय, ही गोष्ट आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. या कीर्तीचे कारण विचारले असता सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. एक, तो देश सपाट आहे. दुसरे, तेथील लोकांना सायकलीची आवड पूर्वापार आहे. दोन्ही विधाने खरी आहेत. परंतु त्यांनी इतिहासाचा प्रश्न सुटत नाही. तेथील भूमी १९५० मध्ये जितकी सपाट होती तितकीच ती १९७२ मध्येही होती. असे असूनही या बावीस वर्षांत त्या देशाच्या रस्त्यांवर मृत्यू पावणाऱ्यांची वार्षिक संख्या सुमारे तिप्पट झाली आणि १९७२ मध्ये ती ३,२६४ वर पोहोचली. त्यानंतर मात्र ती उतरणीला लागली. ही चढण आणि ही उतरण यांची कारणे भूगोलात सापडत नाहीत. ती राज्यकारभारात, रस्त्यांच्या रचनेत आणि काही अंशी भाषेत शोधावी लागतात. प्रस्तुत लेखात या तिहींचा परस्परसंबंध तपासावयाचा आहे.

१

नेदरलँड्समधील सायकलस्वारांचा संघ १८८३ मध्ये स्थापन झाला. ‘सर्वसाधारण नेदरलँड्स सायकलस्वार संघ’ असा त्याच्या नावाचा अर्थ असून तो पुढे ‘आ.एन.वे.बे.’ या आद्याक्षरांनी प्रसिद्धीस आला. १८८५ मध्ये युट्रेख्ट येथील मालीबान या वृक्षराजीने शोभिवंत अशा मार्गालगत सायकलींसाठी स्वतंत्र पट्टा राखण्यात आला. प्रारंभी सायकल ही सुखवस्तू लोकांची वस्तू होती; विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत ती कामगार, कारकून आणि विद्यार्थी यांचे नित्याचे वाहन बनली.

१९२४ मध्ये सरकारने सायकलींवर कर बसविला. कर भरल्याची खूण म्हणून पितळी बिल्ला मिळे. बेकारांना तो विनामूल्य देत. मात्र त्यांच्या बिल्ल्याला भोक पाडलेले असे, त्यामुळे स्वाराची बेकारी चारचौघांत उघड होई. या कराचे उत्पन्न पुढे रस्ते-निधीत जमा होऊ लागले. म्हणजे मोटारींसाठी रुंद होऊ लागलेल्या रस्त्यांच्या खर्चाचा वाटा सायकलस्वारांनीही उचलला. याच काळात बांधलेल्या सायकलमार्गांचा हेतूही एकेरी नव्हता. सायकलस्वारांचे रक्षण हा त्यातील एक भाग होता. मोटारींचा मार्ग निर्वेध करणे हा दुसरा. हा कर १९४१ मध्ये, जर्मन अंमलाखाली, रद्द झाला.

ज्या संघाने सायकलस्वारांची बाजू मांडावयाची, त्याचेही रूपांतर होत गेले. तो क्रमाक्रमाने प्रवाशांचा व नंतर मुख्यतः मोटारधारकांचा संघ झाला. नावातील ‘सायकलस्वार’ हा शब्द आद्याक्षरांत दडून राहिला आणि त्याचा अर्थ लोप पावला. १९७५ मध्ये सायकलस्वारांनी नवा संघ काढला, तेव्हा त्यांनी ‘पहिला, एकमेव, खरा नेदरलँड्स सायकलस्वार संघ’ असे नाव घेऊन जुन्या संघाला उपरोधाने या विस्मृतीची आठवण करून दिली. हाच संघ आज ‘फीट्सर्सबाँड’ या नावाने ओळखला जातो.

२

दुसऱ्या महायुद्धानंतर देशाची आर्थिक घडी बसू लागली. १९५९ मध्ये स्लॉख्टरेन येथे नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला आणि समृद्धीला जोड मिळाली. १९६० मध्ये देशात सुमारे पाच लाख मोटारी होत्या. १९७० पर्यंत त्या वीस लाखांच्या वर गेल्या. शतकानुशतके पायी चालणाऱ्यांसाठी आणि होड्यांसाठी घडलेल्या शहरांत एवढ्या मोटारी मावणार कोठे, हा प्रश्न नगररचनाकारांपुढे उभा राहिला. १९५४ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमचे पोलीसप्रमुख कासयागर यांनी शहरातील काही कालवे बुजवून तेथे रस्ते करण्याची योजना मांडली. १९६७ मध्ये डेव्हिड योकिनेन या नियोजनकाराने शहराच्या मध्यभागापर्यंत महामार्ग आणण्यासाठी जुनी वस्ती पाडावी, असे सुचविले. या योजना तशाच्या तशा अमलात आल्या नाहीत. परंतु त्यांमागील गृहीत सर्वमान्य होते. मोटार हे भविष्य आणि सायकल हा भूतकाळ, असे ते गृहीत होय.

त्याला पहिला खोडसाळ पण अर्थपूर्ण विरोध ‘प्रोवो’ या तरुणांच्या चळवळीने केला. १९६५ मध्ये लूड स्खिमेलपेनिंक यांच्या कल्पनेनुसार तिने ‘पांढऱ्या सायकलींची योजना’ जाहीर केली. पांढऱ्या रंगाने रंगविलेल्या, कुलूप नसलेल्या सायकली कोणीही घ्याव्या व काम झाल्यावर तेथेच सोडाव्या, अशी ती योजना होती. कुलूप नसलेली सायकल रस्त्यावर ठेवणे नियमबाह्य असल्याचे सांगून पोलिसांनी त्या जप्त केल्या. मोटारींनी व्यापलेल्या रस्त्यापेक्षा एक बेवारस सायकल शासनाला अधिक आक्षेपार्ह वाटली, हा प्रसंग त्या काळाच्या मनोवृत्तीवर पुरेसा प्रकाश टाकतो.

दरम्यान मृत्यूंची संख्या वाढत होती. १९७१ या एका वर्षात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक बालके होती. त्यांतील अनेक मुले शाळेत जाता-येता, पायी किंवा सायकलवर असताना मोटारींखाली सापडली. ही वार्ता नवी नव्हती. ती रोजची होती, आणि रोजची असल्यामुळेच ती वार्ता राहिली नव्हती.

३

या ठिकाणी भाषेचा विचार करणे अवश्य आहे. अशा घटनेला डच भाषेत ‘ओन्खेलुक’ म्हणतात. ‘खेलुक’ म्हणजे सुदैव किंवा सुख; त्याला नकारार्थी उपसर्ग लागून झालेला शब्द ‘दुर्दैव’ आणि ‘अपघात’ या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. दुसरा, अधिक शासकीय शब्द ‘ओन्खेफाल’ हा ‘पडणे’ या अर्थाच्या धातूवरून आलेला आहे. इंग्रजी ‘ॲक्सिडेंट’ हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याच्याही मुळाशी ‘पडणे’ हाच अर्थ आहे. या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे : त्यांना कर्ता नाही. जे नशिबाने ओढवते अथवा वरून कोसळते, त्याबद्दल शोक करता येतो. जाब विचारता येत नाही.

सप्टेंबर १९७२ मध्ये ‘डे टेइट’ या वृत्तपत्रात फिक लांगेनहॉफ या पत्रकाराचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्याची लहान मुलगी आदल्या वर्षी सायकलवरून शाळेत जाताना मोटारीच्या धडकेने मृत्यू पावली होती. लेखाचे शीर्षक ‘स्टॉप डे किंडरमोर्ट’, म्हणजे ‘बालहत्या थांबवा’, असे होते. महामार्गांवर सढळ हाताने खर्च करणारे शासन मुलांच्या सुरक्षित वाटांसाठी पैसा का काढत नाही, आणि मुलांच्या बाजूने शासनावर दडपण आणणारी संघटना का नाही, असा त्याच्या प्रतिपादनाचा रोख होता.

‘मोर्ट’ हा शब्द आणि संस्कृतातील ‘मृ’ हा धातू एकाच मूळाचे होत. परंतु ‘मृत्यू’ला कर्ता लागत नाही, ‘हत्ये’ला लागतो. शिवाय ‘किंडरमोर्ट’ हा शब्द डच वाचकाला बायबलमधील हेरोद राजाच्या कथेची आठवण करून देतो. बेथलेहेममधील बालकांच्या संहाराला त्या भाषेत हेच नाव आहे. त्या कथेत दोष एखाद्या शिपायाचा नसून आज्ञा देणाऱ्या राजाचा असतो.

कायद्याच्या दृष्टीने हा शब्द चुकीचा होता, हे मान्य केले पाहिजे. मोटार चालविणाऱ्याचा हेतू मारण्याचा नसतो आणि हेतूवाचून खून होत नाही. हा शब्द केवळ वाहनचालकांना उद्देशून राहिला असता तर चळवळ सूडबुद्धीची ठरली असती. तिचे बळ असे की, तिने कर्त्याची जागा चालकाला न देता रस्त्यांची आखणी करणाऱ्या व्यवस्थेला दिली. जे घडणार हे आकडेवारीवरून आधीच ठाऊक आहे आणि जे टाळण्याचे उपाय ज्ञात आहेत, त्याला दैव म्हणावयाचे काय, असा तो प्रश्न होता.

४

या लेखातून त्याच नावाची संघटना उभी राहिली. मार्टये फान पुटेन ही तरुण माता तिची पहिली अध्यक्षा. त्या पुढे युरोपीय संसदेच्या सदस्या झाल्या. संघटनेच्या लोकांनी मृत्युस्थळी निदर्शने केली, रस्ते अडवून तेथे मुलांना खेळू दिले, आणि वाद्यासह सायकलींवरून पंतप्रधान योप डेन ऊयल यांच्या घरी जाऊन गाणी म्हणत आपले गाऱ्हाणे मांडले. अ‍ॅम्स्टरडॅममधील ‘डे पेइप’ या दाट वस्तीतील मुलांनी आपला रस्ता मोटारींना बंद करावा अशी मागणी केली; १९७२ च्या एका दूरचित्रवाणी-कार्यक्रमाने ती देशभर पोहोचविली. याच दशकाच्या उत्तरार्धात अ‍ॅम्स्टरडॅमच्या संग्रहालय-चौकात हजारो सायकलस्वार सायकलींसह जमिनीवर आडवे झाले.

या चळवळीला एका बाह्य घटनेचे साहाय्य झाले. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि ४ नोव्हेंबर १९७३ पासून काही रविवार खाजगी मोटारी बंद ठेवण्यात आल्या. मोकळ्या महामार्गांवर लोक सायकली घेऊन उतरले. मोटारींवाचून शहर कसे असते हे ज्या पिढीने पाहिले नव्हते, तिने ते प्रत्यक्ष पाहिले.

५

मृत्यूंची संख्या कशामुळे घटली, याचे उत्तर देताना श्रेय एकाच कारणाला देण्याचा मोह टाळणे इष्ट. १९७४ मध्ये शहराबाहेरील रस्त्यांवर वेगमर्यादा आली. त्याच वर्षी मद्यप्राशन करून वाहन चालविण्याविरुद्ध रक्तातील मद्याची निश्चित मर्यादा ठरली. १९७५ मध्ये मोपेडस्वारांना शिरस्त्राण आणि मोटारीच्या पुढील आसनावर पट्टा सक्तीचा झाला. या उपायांचा वाटा मोठा आहे. परंतु यांपैकी बरेचसे उपाय मोटारीत बसलेल्यांना वाचविणारे होते. सायकलवरील मुलाला पट्टा नसतो. त्याच्यासाठी रस्ताच बदलावा लागतो.

हा बदल तीन दिशांनी झाला. पहिली दिशा निवासी रस्त्यांची. डेल्फ्ट येथील प्रयोगांतून ‘वोनएर्फ’, म्हणजे ‘राहते अंगण’, ही कल्पना पुढे आली आणि १९७६ मध्ये तिला कायद्याने मान्यता मिळाली. तेथे पदपथ व रस्ता असा भेद नसतो. वळणे, झाडे, बाके यांच्या योगे मोटारीला पावलाच्या गतीने जावे लागते. दुसरी दिशा स्वतंत्र मार्गांची. शासनाच्या साहाय्याने हेग आणि टिलबर्ग येथे नमुन्याचे सायकलमार्ग बांधले गेले. त्यावरून असे दिसून आले की, एकटादुकटा मार्ग पुरेसा नसून अखंड जाळे आवश्यक आहे. असे जाळे पुढे डेल्फ्टमध्ये विणण्यात आले. तिसरी दिशा वाहतुकीच्या पुनर्रचनेची. सप्टेंबर १९७७ मध्ये खोनिंगेन शहराने आपला मध्यभाग चार भागांत विभागला. मोटारीला एका भागातून दुसऱ्यात थेट जाता येईना, बाहेरच्या वळणमार्गाने जावे लागे. सायकलस्वार मात्र सरळ जाई. व्यापाऱ्यांनी या योजनेला कडाडून विरोध केला होता.

येथे कायद्यासंबंधी प्रचलित असलेल्या एका समजुतीचा परामर्श घेणे योग्य होईल. मोटार आणि सायकल यांच्या टकरीत भरपाईचे दायित्व मोटारधारकावर टाकणारे, १९९४ च्या वाहतूक कायद्यातील १८५ वे कलम सायकलस्वारांच्या सुरक्षिततेचे मूळ आहे, असे पुष्कळदा सांगण्यात येते. कलमाचे महत्त्व निर्विवाद आहे. अनिवार्य आपत्ती सिद्ध झाल्याखेरीज मोटारधारकाची सुटका होत नाही. चौदा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत तर न्यायालयांनी जवळजवळ पूर्ण भरपाईचा नियम घातला आहे. तथापि हे तत्त्व १९९४ चे नव्हे. १९३५ मध्ये संमत होऊन १९५१ पासून अमलात आलेल्या कायद्याच्या ३१ व्या कलमातही ते होते. म्हणजे ज्या दोन दशकांत मृत्यू तिप्पट झाले त्या काळातही हे कलम अस्तित्वात होतेच. भरपाईचा कायदा मृत्यूनंतर न्याय देतो. मृत्यू टाळण्याचे काम त्याच्या एकट्याच्या आवाक्यातले नाही, हा निष्कर्ष यावरून काढावा लागतो.

६

ही कथा पूर्ण विजयाची नाही. २०१७ मध्ये नेदरलँड्समध्ये मृत सायकलस्वारांची संख्या मोटारीतील मृतांहून प्रथमच अधिक झाली, आणि २०२२ मध्ये २९१ सायकलस्वार मरण पावले. मात्र त्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे आहे, आणि विजेवर चालणाऱ्या सायकलींच्या प्रसाराने त्यांच्यापुढे नवे प्रश्न उभे केले आहेत. ज्या बालकांच्या नावाने चळवळ सुरू झाली, त्यांचे मृत्यू मात्र पूर्वीच्या तुलनेत अत्यल्प राहिले आहेत.

मराठी अभ्यासकाला या इतिहासात आपल्या भाषेचाही एक प्रश्न दिसेल. ‘अपघात’ या शब्दाच्या मुळाशी ‘हन्’ हा धातू आहे. त्याच्या पोटात मारणे हा अर्थ आहे आणि मारण्याला कर्ता असतो. परंतु व्यवहारात घात ‘केला’ जातो आणि अपघात ‘होतो’. ‘मोटारीची धडक बसून सायकलस्वार ठार’ या वृत्तपत्रीय वाक्यात धडक देणारा कोणी नाही, रस्ता आखणारा तर नाहीच. भारतात बेदरकार किंवा निष्काळजी कृत्याने घडलेल्या मृत्यूसाठी भारतीय दंडसंहितेत १८७० मध्ये ३०४-अ हे कलम घालण्यात आले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाने घेतली असून शिक्षेची कमाल मर्यादा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली आहे. दोन्ही कायद्यांची नजर चालकाच्या वर्तनावर खिळलेली आहे. ज्या चौकात एकामागून एक माणसे मरतात त्या चौकाविषयी प्रश्न विचारण्याची जागा फौजदारी खटल्यात नाही. नेदरलँड्समधील मातापित्यांनी १९७२ मध्ये ती जागा रस्त्यावर उभे राहून निर्माण केली, आणि प्रारंभ त्यांनी एका शब्दाला नकार देऊन केला.