घरच्या घरी ध्वनिमुद्रण : कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

आपल्या मंडळातील बरेच सभासद हल्ली भजने, नाट्यगीते घरीच ध्वनिमुद्रित करतात. त्यासाठी सॉफ्टवेअर कोणते, पैसे किती, अशी विचारणा आमच्याकडे नेहमी होते. आमचे आयुष्य बँकेत गेले, सुरांचे ज्ञान ऐकण्यापुरतेच. पण गेली काही वर्षे हे काम करून जे कळले ते येथे देत आहोत.

आधी आमची चूक. सुरुवातीला मासिक वर्गणीचे एक सॉफ्टवेअर घेतले. आपल्या भजनी गटातल्या सर्वांत ज्येष्ठ काकूंचे सहा अभंग त्यात मुद्रित केले : गळा, पेटी, तबला, टाळ वेगवेगळ्या ट्रॅकवर. पुढे वर्गणी थांबवली आणि ते काम उघडेना. हाती राहिली फक्त एकत्र केलेली एमपी३. तीत टाळ इतके मोठे आहेत की काकूंचे शब्द बुडतात, आणि आता ते वेगळे काढता येत नाहीत. काकू आता गात नाहीत.

म्हणून आमचा पहिला प्रश्न असतो, पैसे भरणे थांबले तर आपले ट्रॅक आपल्या हाती राहतील का?

ऑडॅसिटी पूर्णपणे मोफत आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. एकच गळा मुद्रित करणे, कापाकापी, खरखर कमी करणे यासाठी ती पुरते. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट मिळते आणि वापरायला सोपे आहे, पण विंडोजवर चालत नाही.

चार-सहा ट्रॅकचे खरे मिक्सिंग करायचे तर आमची पसंती रीपरला. ६० दिवस सर्व सोयींसह वापरून पाहता येते. नंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला, म्हणजे साधारण पाच हजार रुपयांना, एकदाच घ्यायचा. दरमहा हप्ता नाही. जुन्या संगणकावरही ते चालते. पहिले दोन आठवडे मात्र डोके खाते, हे आधीच सांगून ठेवतो.

सॉफ्टवेअरवर वाचलेले पैसे माइक आणि हेडफोनवर घालावेत. तानपुऱ्याचे ॲप स्पीकरवर लावू नये. तो आवाज गळ्याच्या ट्रॅकमध्ये शिरतो आणि निघत नाही. हेडफोनवरच ऐकावा. आवाजाची पातळी सर्वांत वरच्या सुरालाही उणे ६ डेसिबलच्या खाली राहावी. आवाज कमी पडला तर वाढवता येतो, फाटला तर काही उपाय नाही. मिक्स करताना आधी गळा बसवावा, मग पेटी, तबला; टाळ शेवटी.

काम संपले की प्रत्येक ट्रॅक, सर्व गाण्याच्या आरंभापासून, वेगळी वेव्ह फाइल म्हणून साठवावा. पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ते आपोआप जुळतात. हिशेब सोपा आहे : २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी घेतो. सहा मिनिटांचा अभंग, पाच ट्रॅक, म्हणजे जेमतेम २६० एमबी. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती ठेवाव्यात, त्यातली एक दुसऱ्या घरी.