कोंबडीची ऊब कुठे गेली? ब्रूडरचा इतिहास, खर्डीच्या वाटेने

१/ मुंबई-कसारा लोहमार्गावर आटगाव मागे टाकले की खर्डी येते. शहापूर-मुरबाडच्या या पट्ट्यात भातखाचरांच्या कडेला कोंबड्यांच्या लांबट शेड दिसतात. तिथे एक दिवसाची पिल्ले खोक्यांतून उतरतात. त्यांच्यासोबत आई नसते. आजचा धागा त्या रिकाम्या जागेविषयी: आईचे काम यंत्राकडे कसे गेले, आणि ते खरोखर गेले का?

२/ आधी जुनी रीत पाहू. कोंबडी खुडूक झाली की टोपलीत पेंढा घालून तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवायची. २१ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. ती लगेच चालतात, टोचा मारतात. अंगातली उष्णता मात्र त्यांना टिकवता येत नाही. पिसे फुटेपर्यंत ऊब बाहेरूनच मिळावी लागते. ती कोंबडी पंखांखाली देते. शिवाय दाणा टोचून दाखवते, घार दिसताच इशारा देते. रात्री सारे कुटुंब डालग्याखाली. एका आईच्या पंखांत मावतील तितकीच पिल्ले, ही या रीतीची मर्यादा.

३/ ही मर्यादा इजिप्तमध्ये फार पूर्वी मोडली. तिथे खतात पुरून अंडी उबवतात, अशी नोंद इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने केली आहे. पुढे तिथल्या कच्च्या विटांच्या भट्ट्यांत एका वेळी हजारो अंडी उबवली जात. या भट्ट्यांनी प्रभावित झालेल्या रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४९ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. अंडे उबवणे हे अर्धेच काम आहे, हे त्याने ओळखले होते. पिल्लांसाठी त्याने आतून लोकरीचे कातडे लावलेली उबदार पेटी केली. तिला त्याने नाव दिले ‘कृत्रिम आई’.

४/ दुसरा बदल वाहतुकीचा. अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते. त्यावर ते दोन-तीन दिवस अन्नपाण्यावाचून तग धरते. मागची अंडी फुटेपर्यंत आईला जागेवरून उठता येत नाही, म्हणून निसर्गाने केलेली ही तजवीज. व्यापाराने नेमकी तीच वापरली. १९१८ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने एक दिवसाची पिल्ले पार्सलने स्वीकारण्यास सुरुवात केली. अंडे एका गावी उबायचे आणि पिल्लू दुसऱ्या गावी वाढायचे, हे नित्याचे झाले.

५/ महाराष्ट्रात या व्यवस्थेला मोठे बळ मिळाले ते १९७१ नंतर. त्या वर्षी बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज ही कंपनी स्थापन केली आणि पुणे हे या व्यवसायाचे एक प्रमुख केंद्र झाले. पुढे करार पद्धत रूढ झाली. पिल्ले, खाद्य व औषधे कंपनीची. शेड, वीज व श्रम शेतकऱ्याचे. मोबदला तयार पक्ष्यांच्या वजनावर. पहिल्या आठवड्यात पिल्ले दगावली, तर त्याची झळ शेतकऱ्यापर्यंत येते.

६/ म्हणून पिल्ले येण्याआधी शेड धुऊन चुना मारतात. भाताच्या तुसाचा थर, त्यावर कागद, भोवती पत्र्याचे गोल कडे. गोल अशासाठी, की कोपरा असला तर पिल्ले तिथे एकमेकांवर चढून गुदमरतात. मधोमध बल्ब किंवा गॅसची शेगडी. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस; मग दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी. आधी पाणी, अनेकदा गुळाचे, आणि मग खाद्य. सुस्त पिल्लाची चोच हलकेच पाण्यात टेकवतात. दाणा टोचून दाखवणाऱ्या कोंबडीचेच हे काम.

७/ तापमापक असला, तरी खरे वाचन पिल्लांचेच करावे लागते. बल्बखाली दाटी झाली, तर थंडी आहे. कड्याला चिकटून चोच उघडी ठेवली, तर उष्मा. सगळी एकाच बाजूला सरकली, तर कुठून तरी वारा शिरतो आहे. सर्वत्र सारखी पांगली असली, तर सारे ठीक. घाटाच्या पायथ्याशी हिवाळ्यातल्या रात्री वीज गेली, की हे वाचन करणाऱ्यालाच शेगडी पेटवून जागावे लागते.

८/ हजारो पिल्ले एकत्र आली, की रोगही हजारपटीने फिरतो. राणीखेत रोगाला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. १९१८ च्या इन्फ्लुएन्झालाही लोकांनी हेच नाव दिले होते. खर्डीच्याच शहापूर तालुक्यात, वेहळोली येथे, फेब्रुवारी २०२२ मध्ये बर्ड फ्लू आढळला. शंभराच्या आसपास पक्षी दगावले होते. १ किलोमीटरच्या परिघातले सुमारे २५ हजार नष्ट करण्याचे ठरले. अशा परिघात परसातली कोंबडीही सुटत नाही.

९/ आता एका सरकारी शब्दाकडे पाहा. २००९-१० पासून केंद्र पुरस्कृत योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना परसात पाळण्यासाठी ४५ पिल्ले देण्याची तरतूद झाली. पिल्ले एक दिवसाची द्यायची नाहीत, ४ आठवड्यांची द्यायची, असे ठरले. कारण पहिले दिवसच सर्वांत नाजूक. तोवर ती जिथे वाढवायची, त्या केंद्राचे अधिकृत नाव ‘मदर युनिट’. रेओम्यूरनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी कागदावर पुन्हा आईच उमटली.

१०/ हा योगायोग वाटत नाही. यंत्राने ऊब दिली, पण लक्ष देणे यंत्राला जमले नाही. ते काम कोंबडीकडून माणसाकडे आले, आणि बहुधा अशा माणसाकडे, ज्याचे नाव कुठल्याही नोंदवहीत नसते. कुक्कुटपालनाचा इतिहास कंपन्या आणि योजनांच्या सनावळ्यांतून लिहिला जातो. त्यात रात्री तीन वाजता तुसावर हात ठेवून ऊब पाहणाऱ्यालाही स्थान हवे.

तुमच्या घरी खुडूक कोंबडी बसवण्याची रीत होती का? अंडी किती ठेवत, टोपलीत काय घालत, कोणते शब्द वापरत? आजीला विचारा आणि इथे लिहा. या इतिहासाचे दफ्तर तिच्याकडेच आहे.