श्वासरोधन (कुंभक) व बुडी

श्वास आत घेऊन किंवा बाहेर सोडून श्वसनमार्ग हेतुपूर्वक काही काळ बंद ठेवण्याच्या क्रियेस श्वासरोधन म्हणतात. योगशास्त्रात तिला ‘कुंभक’ ही संज्ञा आहे. कोणतेही उपकरण न घेता पाण्यात खोल उतरणारे पाणबुडे हीच क्रिया वेगळ्या हेतूने करतात. दोन्ही परंपरांचा उगम स्वतंत्र आहे. त्यांची गाठ मात्र विसाव्या शतकात पडली.

मराठीत श्वसनमार्गाच्या नियमनाचे वर्णन ज्ञानेश्वरीच्या (१२९०) सहाव्या अध्यायात येते. तेथील जालंधरबंधात हनुवटी कंठाखालच्या खळगीत दाबली जाते. पंधराव्या शतकातील हठप्रदीपिका या ग्रंथात कुंभकाचे आठ प्रकार सांगितले असून त्यांपैकी ‘प्लाविनी’ हा वायूने उदर भरून पाण्यावर तरंगण्याचा आहे. तरंगण्याचा उल्लेख आहे, बुडण्याचा नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. हिंस्र पशूप्रमाणे वायूही हळूहळू वश करावा, घाई केल्यास तो साधकाचाच घात करतो, असा इशाराही त्यात आहे.

या विषयास प्रयोगशाळेत आणण्याचे श्रेय स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) यांना द्यावे लागते. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळे येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी योग-मीमांसा हे नियतकालिक सुरू केले. क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने त्यांनी बंधांचा अभ्यास केला. प्राणायामाने शरीरास विपुल ऑक्सिजन मिळतो, ही लोकप्रिय समजूत त्यांनी मान्य केली नाही. त्यांच्याकडे राहिलेले येल विद्यापीठाचे कोवूर थॉमस बेहानन यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, उज्जायी प्राणायामात ऑक्सिजनचा खप सुमारे एकचतुर्थांशाने वाढतो, अशी नोंद केली.

पाण्याखाली दर १० मी. खोलीस सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. तो कानाच्या पडद्यावर येऊ नये म्हणून बुडी मारणारा नाक चिमटून मध्यकर्णात हवा लोटतो. आंतोन्यो व्हाल्साल्व्हा (१६६६–१७२३) यांच्या नावाची पद्धती छातीच्या जोरावर अवलंबून असते व खोलीवर ती अपुरी पडते. हेर्मान फ्रेंट्सेल यांच्या पद्धतीत कंठद्वार मिटून जिभेच्या रेट्याने तेच काम साधते. कंठद्वारावरील हा ताबा सरावानेच येतो. फ्रेंच पाणबुडे झाक मायोल यांनी योगाभ्यासाची जोड देऊन १९७६ मध्ये एल्बा बेटाजवळ १०० मी. खोली गाठली.

येथे एक धोका स्पष्ट केला पाहिजे. श्वास घेण्याची अनावर ऊर्मी मुख्यतः रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड वाढल्याने होते, ऑक्सिजन घटल्याने नव्हे. बुडीपूर्वी भराभर दीर्घ श्वास घेतल्यास कार्बन डाय-ऑक्साइड कमी होतो. ऑक्सिजनचा साठा मात्र फारसा वाढत नाही, कारण रक्तातील हीमोग्लोबिन आधीच जवळजवळ संपृक्त असते. परिणामी ऊर्मी होण्यापूर्वीच शुद्ध हरपते. वर येताना फुप्फुसांतील ऑक्सिजनचा आंशिक दाब झपाट्याने उतरत असल्यामुळे पृष्ठभागानजीकचे अंतर विशेष घातक ठरते. भस्त्रिकेनंतर कुंभक करणारा साधक आसनावर बसलेला असतो. त्याला भोवळ आली, तर श्वास आपोआप सुरू होतो. पाण्यात तोच श्वास मृत्यूस कारण होतो. म्हणून भस्त्रिका करून बुडी मारणे सर्वथा वर्ज्य होय, आणि पट्टीच्या पोहणाऱ्यानेही एकट्याने बुडीचा सराव करू नये.

कोल्हापूर परिसरात पोहणे पूर्वीपासून विहिरीत आणि पंचगंगेच्या पात्रात शिकले जाई. पाठीला भोपळा वा पांगाऱ्याचा बिंडा बांधून सुरुवात होई. तो सुटल्यावर सूर, मुटका आणि तळाची माती मुठीत घेऊन वर येण्याची पैज. दम किती वेळ धरायचा, हे बरोबरीची मुले ठरवीत. काठावर जाणता माणूस असेलच, असे नसे. याच शहरातील वीरधवल खाडे यांनी २०१० च्या ग्वांगजो आशियाई क्रीडास्पर्धेत ५० मी. फुलपाखरू प्रकारात कांस्यपदक मिळविले. या प्रकारात उडीनंतर पाण्याखालून जास्तीत जास्त १५ मी. जाता येते, त्यापूर्वी डोके पृष्ठभागावर यावेच लागते.