कोटीतीर्थाकाठचे आबालाल

जलरंगात निसर्गचित्र शिकायला आलेली मुलं पहिल्याच दिवशी मोनेचं नाव घेतात. घ्यावंच. १८७४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याचा धुक्यातला सूर्योदय लागला आणि त्या चित्रावरूनच त्याला आणि त्याच्या सोबतच्या चित्रकारांना ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणू लागले. पण कोल्हापुरात ब्रश धरणाऱ्यानं त्याआधी आबालाल रहिमान बघावेत, असं मला मनापासून वाटतं.

आबालाल मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १८५७ साली सुरू झालेल्या त्या शाळेत भर रेखाटनावर. ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रती समोर ठेवायच्या आणि छायाप्रकाश घोटून घोटून उतरवायचा. १८८८ मध्ये त्यांना व्हाइसरॉयचं सुवर्णपदक मिळालं. एवढ्या शिदोरीवर दुसरा कोणी मुंबईत राहून धनिकांची व्यक्तिचित्रं करत बसला असता. आबालाल गावी परतले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमलं, पण त्यांचा जीव रमला तो कोटीतीर्थ तळ्याच्या काठी, पंचगंगेच्या घाटावर आणि रंकाळा तलावातल्या संध्यामठापाशी. ठिकाणं तीच, उजेड दर वेळी निराळा. तैलरंग आणि जलरंग, दोन्ही त्यांच्या हातात होते. त्यांच्या निसर्गचित्राच्या अगदी जवळ गेलं तर नुसते रंगाचे ठिपके आणि तुटक फटकारे दिसतात. चार पावलं मागे सरलं की त्यातून पाणी हलू लागतं.

हे करणं किती अवघड, ते संध्यामठ रंगवायला बसल्यावर कळतं. पावसाळ्यात हा दगडी मंडप पाण्यात बुडतो, उन्हाळ्यात पाणी उतरलं की खांबांसकट उघडा पडतो. मी मुलांना उतरत्या उन्हात बसवतो. बोर्ड किंचित तिरका, आभाळाचा वॉश वरून खाली, आणि पाण्यावरची उन्हाची पट्टी कोरडी सोडायची. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे राखलेला कोरा कागद, तो एकदा गेला की गेला. मंडपाचं प्रतिबिंब टाकायची वेळ तर मिनिटाभराची. कागद ओला चकाकत असताना रंग टाकला तर तो पसरून वाहतो, पूर्ण वाळल्यावर टाकला तर कडा कापल्यासारखी उमटते. चकाकी जाऊन नुसती ओल उरली की ब्रश उभा खाली ओढायचा. काळा रंग मी पॅलेटवर ठेवूच देत नाही. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळला की आपल्या काळ्या दगडाची संध्याकाळची जांभळट सावली बरोब्बर मिळते.

१९२२ मध्ये शाहू महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटीतीर्थात सोडली, असं गावात सांगतात. १९३१ साली आबालालही गेले. पण गावानं ती नजर टाकली नाही. सिनेमात नाव काढलेले चंद्रकांत मांढरे जन्मभर निसर्गचित्रं करत राहिले, राजारामपुरीतलं त्यांचं संग्रहालय जरूर बघावं.

माझी काळजी वेगळीच आहे. ज्या रंकाळ्यावर हे शिकायचं, तिथे केंदाळ माजलं की काठापासून आतपर्यंत नुसता हिरवा गालिचा. मग मुलांना प्रतिबिंब शिकवायला मी नेऊ कुठे? तळी राखणं हा आमच्या चित्रकलेचाही प्रश्न आहे, आणि तो चित्रकारांनीच आधी लावून धरला पाहिजे.