धारणा, माणसे आणि वाट : पिंपळे सौदागरचे उदाहरण

खेड्याच्या लोकसंख्येचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास पहिली अडचण येते ती कागदांची. जुन्या दप्तरात जमीन, सारा आणि हक्क यांचा तपशील विपुल मिळतो. माणसांची गणती मात्र विरळा. सर्व देशात एकाच वेळी घेतलेली पहिली जनगणना १८८१ सालची होय. त्यापूर्वीच्या वस्तीचा अदमास पुष्कळदा धारणांच्या आकड्यांवरून करावा लागतो. हा अदमास कितपत ग्राह्य धरावा, हे पुण्यानजीकच्या पिंपळे सौदागर या गावाच्या उदाहरणाने तपासून पाहण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

या गावची पाहणी डॉ. हॅरल्ड मॅन यांनी १९१७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तीनुसार सरासरी धारणा १७७१ साली ४० एकर, १८१८ साली साडेसतरा एकर, १८२० ते १८४० या काळात सुमारे १४ एकर आणि १९१४-१५ साली ७ एकर होती. शेवटच्या वर्षी १५६ खातेदारांच्या मिळून ७२९ तुकड्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहून लहान होते आणि ११२ तर पाव एकराहूनही.

गावची जमीन तेवढीच राहिली असे धरल्यास धारकांची संख्या सुमारे सहापट झाली, असा हिशेब निघतो. परंतु म्हणून माणसेही सहापट झाली असे म्हणता येईल काय? आमच्या मते नाही. ‘धारक’ म्हणजे कागदावरील नाव. एकत्र कुटुंबात एका नावामागे चार भावांचे संसार असू शकतात. वाटणी होताच नावे चार होतात. माणसे होती तितकीच राहतात. तेव्हा या आकड्यांत लोकसंख्येची वाढ आणि कुटुंबाची विभागणी या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या आहेत.

आता दळणवळणाकडे वळू. बोरघाटातून चाकाच्या गाडीचा रस्ता १८३० साली खुला झाला; त्यापूर्वी घाटावरचा माल मुख्यतः बैलांच्या पाठीवरून उतरे. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत लोहमार्ग १८५८ साली आला आणि घाटातील मार्ग १८६३ साली पुरा झाला. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. या तारखा वरील आकड्यांशेजारी ठेवल्या असता एक गोष्ट स्पष्ट होते. धारणेतील सर्वांत मोठी घट १८१८ पूर्वीची, म्हणजे रस्ता व आगगाडी या दोहोंच्या आधीची आहे. तिचा दोष नव्या वाहतुकीवर घालता येत नाही. १४ वरून ७ एकरांवर आलेली घट मात्र या नव्या साधनांच्या काळातील आहे. येथे वाटेने जमीन तोडली असे नसून, तुटलेल्या जमिनीवर राहणे वाटेने शक्य केले, असे आम्हांस वाटते. बाहेरची मजुरी हाताशी असेल तर अपुऱ्या शेतावरही कुटुंब गावात टिकून राहते.

भाषेतही या पालटाची खूण राहिली आहे. ‘गाडी’ हा शब्द एके काळी बैलगाडीचा. पुढे तो आगगाडीचा झाला आणि नंतर मोटारीचाही. परंतु नावांच्या बाबतीत सावध राहिले पाहिजे. ‘सौदागर’ म्हणजे व्यापारी, एवढ्यावरून गावास व्यापारी पूर्वेतिहास चिकटविणे अशास्त्रीय ठरेल.

मॅन यांनी ना. वि. कानिटकर यांच्यासह पुढे जातेगाव बुद्रुक या शहरापासून दूरच्या गावाची पाहणी करून ती १९२१ साली प्रसिद्ध केली. जवळचे गाव व दूरचे गाव अशी ही जोडी अभ्यासकाने नेहमी शेजारी ठेवावी. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत सामावले असून शेताच्या जागी इमारती उभ्या आहेत. म्हणूनच जुने आकडे जपून वाचले पाहिजेत : त्यांत नावे किती आणि माणसे किती, हे विचारल्यावाचून खेड्याच्या दारिद्र्याचे वा वाढीचे कोणतेही निदान करू नये.