जालपटलीय रक्तवाहिन्या व मस्तिष्काघात

जालपटलाच्या (नेत्रगोलाच्या आतील प्रकाशसंवेदी पडद्याच्या) रक्तवाहिन्यांतील बदलांवरून मस्तिष्काघाताचा, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होऊन किंवा रक्तस्राव होऊन येणाऱ्या झटक्याचा, संभव काही प्रमाणात अजमावता येतो. भ्रूणावस्थेत जालपटल अग्रमस्तिष्कापासूनच निर्माण होते व त्याला रक्त पुरविणारी रोहिणी ही अंतःस्थ ग्रीवा रोहिणीच्या शाखेपासून निघते. त्यामुळे मेंदूतील सूक्ष्म वाहिन्यांची अवस्था येथे छेद न घेता पाहता येते.

हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी १८५१ मध्ये नेत्रांतर्दर्शकाचे वर्णन प्रसिद्ध केल्यावर जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या प्रत्यक्ष पाहणे शक्य झाले. लंडनमधील नेत्रवैद्य मार्कस गन यांनी १८९२ व १८९८ मध्ये रोहिणिकांचे अरुंद होणे आणि रोहिणिका नीलेला ओलांडते तेथे नीला दबणे या चिन्हांचे वर्णन केले व त्यांचा संबंध वृक्काच्या आणि मेंदूच्या वाहिन्यांच्या रोगांशी जोडला. रीव्हा-रॉत्ची यांचा रक्तदाबमापक १८९६ चा. म्हणजे अतिरिक्त रक्तदाबाच्या या खुणा तो सुलभपणे मोजता येण्यापूर्वीच डोळ्यात ओळखल्या गेल्या होत्या.

कीथ, वॅगनर व बार्कर यांनी १९३९ मध्ये अतिरिक्त रक्तदाबाच्या २१९ रुग्णांचे नेत्रतलावरून चार गट केले. तीन वर्षांनंतर पहिल्या गटातील सु. ७० टक्के, तर चौथ्या गटातील केवळ ६ टक्के रुग्ण हयात होते. त्या काळी परिणामकारक औषधे उपलब्ध नव्हती. एका डोळ्याची दृष्टी क्षणिक जात असता फिशर यांनी जालपटलीय रोहिणीतून सरकणारे अंतर्कील पाहिले (१९५९), तर हॉलेनहॉर्स्ट यांनी तेथील चकाकणारे कोलेस्टेरॉलाचे कण वर्णिले (१९६१). अमेरिकेतील सु. दहा हजार व्यक्तींच्या पाहणीत (२००१) सूक्ष्म रक्तस्राव, सूक्ष्म रोहिणीविस्फार यांसारखे बदल असणाऱ्यांना आघाताचा धोका इतरांपेक्षा दुप्पट ते चौपट आढळला. पुढे नेत्रतलाच्या छायाचित्रांचे संगणकीय विश्लेषणही सुरू झाले.

मुरगूडसारख्या (ता. कागल, जि. कोल्हापूर) वेदगंगाकाठच्या गावांच्या दृष्टीने या इतिहासाला व्यावहारिक महत्त्व आहे. अतिरिक्त रक्तदाब पुष्कळदा लक्षणांवाचून वाढतो; मोतीबिंदू वा मधुमेहासाठी डोळे तपासून घेणाऱ्या व्यक्तीत त्याची पहिली खूण जालपटलावर दिसू शकते. तथापि जालपटल निर्दोष दिसले म्हणून धोका नाही असे ठरत नाही. रक्तदाब व रक्तशर्करा मोजणे, धूम्रपान सोडणे आणि औषधे नियमित घेणे हाच प्रतिबंधाचा पाया होय. एका डोळ्याची दृष्टी एकाएकी व वेदनेवाचून गेल्यास, ती लगेच परत आली तरी, त्याच दिवशी रुग्णालय गाठणे अगत्याचे असते. डोळ्याने दिलेली ही सूचना आघातापूर्वीच्या थोडक्या अवधीतील असू शकते.