डब्यातली पोळी आणि डॉ. डिके

१९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण दुष्काळ पडला. पाव मिळेनासा झाला. सिलिअ‍ॅक रोगाने जुलाब होऊन खंगलेली मुलं मात्र सुधारू लागली! पाव परत आला, तसं दुखणंही परतलं. डॉ. विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होताच. १९५० साली त्यांनी तो प्रबंधात मांडला. दोषी ठरलं गव्हातलं ग्लुटेन.

मधुमेही मुलांना १९२२ पासून इन्शुलिन मिळू लागलं होतं. पण काही मुलांना हे दोन्ही विकार असतात. त्यांच्या डब्यात पोळी, बिस्किटं नकोत. ज्वारीची भाकरी, उसळ, शेंगदाणे चालतात. मात्र भाकरीतही पिष्ट असतं, म्हणून ती इन्शुलिनच्या हिशेबाने मोजून द्यायची. ज्वारी गिरणीत गव्हामागोमाग दळलेली नको, आणि मैत्रिणीच्या डब्यातला पोळीचा घासही नको. हे वर्गाला आपणच समजावायला हवं.